प्रिंटरवाल्या भाऊंना, सगळ्यांसमोर

भाऊ,

तुमचं नाव टाकत नाहीये, तेवढ्यावरून तुम्ही रागवाल हे माहीत आहे, पण वाचाल तेव्हा कळेलच कोणाबद्दल लिहून राहिली. त्या दिवशी तुम्ही बॅग उचलून निघाले तेव्हा मी फोनवर अडकलेली होती, ट्रान्सपोर्टवाला कानात ओरडत होता, मी हातानं थांबा थांबा करते तोवर तुमची गाडी गेटच्या बाहेर. नंतर आभार मानायला फोन लावला तर "अहो ताई त्यात काय एवढं" म्हणून ठेवून दिला. आता इथं लिहिते, इथं तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

बाकीच्यांना थोडं सांगावं लागेल. आमचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, जळगाव जिल्ह्यात धरणगावच्या पट्ट्यात. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की आवारात ट्रॅक्टर, छोटा हत्ती, पिकअप यांची रांग, आणि ती रात्री उशिरापर्यंत हलत नाही. भरलेली गाडी काट्यावर, मग कापूस खाली, मग रिकामी गाडी परत काट्यावर, आणि मग दोन्ही वजनं छापलेली पावती. त्या पावतीवरून पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, बनते आणि पट्टीवरून पैसे. आता ज्या माणसानं जूनपासून त्या कापसावर बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं घातलंय, त्याच्या हातात वजनाचा कागद न देता "उद्या या" म्हणायचं म्हणजे काय असतं ते काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही. आणि काउंटरवर मी बसते, शेठ नाही, इंजिनियर नाही.

हा सगळा कारभार एका सर्व्हरवर, म्हणजे बाकीच्या मशीन जिला जोडलेल्या त्या मुख्य मशीनवर. विंडोज सर्व्हर २००८ आर २. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच बंद केलाय हे मलाही माहीत आहे, शेठलाही माहीत आहे, पण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं, ते बनवणारा माणूस धंदा सोडून गेला, त्यामुळे सर्व्हर जिथं आहे तिथं आहे. प्रिंटर एकच, नेटवर्कवरचा लेसर, तो या सर्व्हरवरून सगळ्या मशीनना शेअर केलेला. काट्याच्या केबिनमध्ये विंडोज ७ ची जुनी मशीन, हिशेबाला विंडोज १०, आणि यंदा शेठनं हौसेनं आणलेला एक विंडोज ११. या तिघांना एका प्रिंटरवर नांदवायचं म्हणजे तीन जावांचा एक चुला.

तर नवीन मशीन आली आणि तिच्यावर प्रिंटर काही जोडला जाईना. शेवटी ११बी असलेला तो लांबलचक एररचा आकडा. आणि जुन्या मशीनवरून आज प्रिंट येते, उद्या ऑफलाईन.

आमचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट होतं एकांकडे, नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. त्यांचा पहिला मुलगा आला, त्यानं सर्व्हरचं अपडेट काढून टाकलं, फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला आत येऊ न देणारा पहारा, बंद केली, एक प्रिंट काढून दाखवली आणि सही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत बंद. दुसरे साहेब आलेच नाहीत, फोनवरूनच मशीनचा ताबा घेऊन माऊस फिरवत राहिले आणि मी म्हटलं की सर हे लाईट गेल्यावरच होतं, दरवेळी, तर म्हणाले "मॅडम, लाईटचा आणि प्रिंटरच्या शेअरिंगचा काही संबंध नसतो, तुम्ही फोन शेठना द्या." शेठना दिला. शेठला त्यातलं काय कळणार, त्यांना कापसाची रुई हातात धरून लांबी सांगता येते, प्रिंटरचं काय. मग कोटेशन आलं, नवा सर्व्हर, नवं लायसन, नवा प्रिंटर. शेठनं कोटेशन वाचलं आणि मला विचारलं, "पावती हातानं लिहिता येत नाही का?"

येते ना. लिहिलीच आम्ही. काटेवाले आप्पा कार्बन घालून लिहीत होते. पण लोकांचा हाताच्या पावतीवर भरवसा नाही आणि तो का नाही हे खान्देशात कोणाला समजावून सांगायची गरज नाही, वजनात मारलेली पिढी आहे ती, ७ चा १ आणि १ चा ७ झालेला त्यांनी पाह्यलाय. आमच्या काट्यावर तसं होत नाही, पण ते मी म्हणून काय उपयोग.

तुम्ही आले ते आमच्याकडे आलेच नव्हते. शेजारच्या सरकीच्या तेलमिलमध्ये कॅमेरे बसवायचं काम होतं तुमचं, आणि आप्पांनी तुम्हाला चहाच्या टपरीवर गाठलं. दिवस मावळतीला आला होता, थंडी पडायला लागली होती, आणि काउंटरसमोर ही गर्दी. पोटात गोळा आला होता माझ्या खरं सांगते, कारण मला वाटलं आता हेही सर्व्हरसमोर बसतील, तासभर खटखट करतील आणि मग मान हलवतील.

तुम्ही सर्व्हरकडं बघितलंच नाही. तुम्ही आधी विचारलं, "ताई, किती जण पावतीला थांबले?" मी रांगेकडं बोट केलं. तुम्ही म्हणाले, "आधी यायले मोकळं करू. सर्व्हर काय पळून नही जात."

आणि तुम्ही बॅगेतून स्वतःची यूएसबी केबल काढली (आमच्या ऑफिसात ती केबल कधीची गायब, प्रिंटर पहिल्यापासून नेटवर्कवरच), प्रिंटर थेट तुमच्या लॅपटॉपला लावला, मला हिशेबाच्या मशीनवर पावत्यांच्या पीडीएफ काढायला लावल्या, आणि मी पेनड्राईव्ह घेऊन इकडून तिकडं. स्टूल नव्हतं तर तुम्ही सरकीच्या पोत्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर. एकेक पावती निघाली की तुम्ही स्वतः नाव वाचून आवाज द्यायचे. एक पारोळ्याकडचे बाबा होते, दुपारपासून थांबलेले, त्यांना पावती दिली तर त्यांनी आधी वजनावर बोट ठेवलं, भरलेली गाडी, रिकामी गाडी, मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि मग कागदावर हात फिरवून म्हणाले, "कागद गरम शे ना भो." तुम्ही म्हणाले, "हो बाबा, आतेच भट्टीमधून काढा." रांगेतली सगळी माणसं हसली. दुपारपासून त्या आवारात कोणी हसलं नव्हतं.

भाऊ, प्रिंटर तुम्ही नीट केला ते वेगळं. त्याचे पैसे तुम्ही घेतले आणि घ्यायलाच पाहिजे होते. पण त्या पावत्या छापायला तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते कॉन्ट्रॅक्टमध्ये नसतं, कुठल्या बिलात त्याची ओळ नसते. ज्यांच्याशी आमचा वर्षाचा करार, त्यांना आवारात थांबलेली माणसं कधी दिसलीच नाहीत, त्यांना फक्त मशीन दिसली, आणि तीसुद्धा लांबून.

सर्व्हरजवळ तुम्ही नंतर बसले. आणि मी भीतभीतच परत ते लाईटचं बोलले. तुम्ही माऊस सोडला, माझ्याकडं वळले आणि विचारलं, "लाईट येते तेव्हा आधी राउटर चालू होतो का प्रिंटर?" बस. कोणीतरी ऐकलं. मग तुम्ही सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते. प्रिंटरला पत्ता राउटर वाटत होता, कायमचा दिलेला नव्हता, लाईट जाऊन आली की कधी कधी दुसराच पत्ता मिळायचा आणि सर्व्हर बिचारा जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसायचा. म्हणजे लाईटचा संबंध होता साहेब. तुमच्यासाठीच लिहिलंय हे वाक्य, कोटेशनवाले साहेब.

आणि ११बी चं पण तुम्ही आप्पांना कळेल असं सांगितलं. की २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंटिंगच्या भागात मोठं भोक सापडलं, प्रिंटनाइटमेअर म्हणतात त्याला, त्यातून बाहेरचा माणूस मशीनमध्ये घुसू शकत होता. मायक्रोसॉफ्टनं जुलैपासून ते बुजवायला घेतलं, ऑगस्टमध्ये ड्रायव्हर, म्हणजे मशीनला प्रिंटर ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागायला लागला, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरला जोडताना हाच ११बी कितीतरी ऑफिसांत यायला लागला. आप्पा म्हणाले, "म्हणजे कुलूप लावलं आणि घरचेच बाहेर राहिले." तुम्ही म्हणाले, बरोबर, पण म्हणून कुलूपच तोडायचं नसतं. तेव्हा मला कळलं तो पहिला मुलगा काय करून गेला होता. अपडेट काढलं, फायरवॉल बंद, आणि त्याच सर्व्हरवर आमचे सगळे हिशेब.

बाकी तुम्ही काय काय केलं ते सगळं मला सांगता येणार नाही आणि इथं गरजही नाही. प्रिंटरला कायमचा पत्ता दिला, नवीन मशीन सर्व्हरला मधे न घेता सरळ प्रिंटरला जोडल्या, आणि केबिनमधल्या जुन्या ३२ बिटच्या मशीनपुरतं शेअरिंग सर्व्हरवर ठेवून तिचा वेगळा ड्रायव्हर तिथं चढवला. फायरवॉल परत चालू केली. आणि मग, हे मला फार आवडलं, तुम्ही मेन स्विच बंद करायला लावला. मुद्दाम. सगळं अंधारात, शेठ आतून ओरडले, तुम्ही शांत उभे. लाईट आली, सगळं चालू झालं, तुम्ही आवार ओलांडून केबिनमध्ये गेले आणि आप्पांना म्हणाले, तुम्ही दाबा. प्रिंट आली. त्या केबिनमध्ये आतापर्यंत एकही इंजिनियर गेला नव्हता हो, कापसाची धूळ असते ना तिथं, शर्टाला चिकटते.

अशी माणसं आहेत म्हणून चाललंय. आमच्याकडं एक वायरमन आहे, पावसात खांबावर चढायच्या आधी घरात लहान लेकरू आहे का विचारतो आणि तिकडची लाईट आधी बघतो. एसटीत एक कंडक्टर होते, मी कॉलेजला जायची तेव्हा, शेवटच्या गाडीला मुलगी एकटी उतरली तर घरचं कोणी घ्यायला येईपर्यंत डबल बेल द्यायचे नाहीत. यांना कोणी पुरस्कार देत नाही, यांचे फ्लेक्स लागत नाहीत. फ्लेक्स कोणाचे लागतात ते आपण चौकात रोज बघतो, जाऊ द्या, विषय भलतीकडं चालला.

तुमची यूएसबी केबल आमच्याकडेच राहिली आहे. मी मुद्दाम परत पाठवत नाहीये, ती घ्यायला या. वांगी आता भरताची आली आहेत, बामणोदची आणते, आई काड्यांवर भाजून देते, कळण्याच्या भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि आप्पा म्हणतात की त्यांच्या शेतावरच करू, तेलमिलवाल्यांनाही बोलवू. वहिनींना आणि पोरांना घेऊन या, एकटे येऊ नका.

आणि जाताना तुम्ही शेठना जे सांगितलं होतं की हा सर्व्हर आता बदलाच, मी फक्त वेळ काढून दिला आहे, रोजचा बॅकअप तरी बाहेरच्या डिस्कवर घ्या, तर बॅकअपचं काम मी रोज संध्याकाळी करते, चुकवत नाही. सर्व्हरचं शेठ म्हणाले दिवाळीनंतर बघू. कोणत्या दिवाळीनंतर ते त्यांनी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही, तुम्ही जेवायला याल तेव्हा तुम्हीच विचारा, तुमचं ऐकतील.

तुमची,
जिनिंगच्या काउंटरवरची ताई