दिल्या, सुमीतचा रिपोर्ट

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

तुझे फोन येऊन गेले, नंतर करतो म्हणालो आणि केला नाही. शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण आधी हे सगळं वाच. माझं बरं आहे. शुगर ताब्यात आहे, हिची कंबर थंडी पडली की धरते तशी धरलीये. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, थेंब वेळेवर घालतायत, मी जाऊन बघून आलो. आता मुद्द्याचं.

फोनवर बोलायचं तर घरात सगळे असतात, म्हणून वही घेऊन खाली लॅबमध्ये बसलोय. गोष्ट आपल्या ताईच्या सुमीतची आहे. "दिलीपमामाला सांगितलंस तर चालेल, बाकी कुणाला नको," असं तो स्वतः म्हणालाय. ताईला काही माहीत नाही, तिच्या सुनेला, प्राजक्ताला नाही, हिलाही मी बोललेलो नाही.

ताईकडे सत्यनारायण होता, त्याला दोघं आले होते. दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तर हा पायरीवर उभा. म्हणाला, "मामा, सीमेन अॅनालिसिस, वीर्याची तपासणी करायचीये, पण रजिस्टरला नाव घालू नकोस." लग्नाला चार वर्षं झाली. पुण्याची डॉक्टर कधीपासून नवऱ्याचा रिपोर्ट मागतेय आणि हा ऑफिसात रिलीज आहे, क्लायंट आहे, म्हणून पुढे ढकलतोय. तोवर प्राजक्ताचं सगळं करून झालं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, दर महिन्याला बीजांड बघायच्या फॉलिक्युलर स्टडीच्या सोनोग्राफ्या, गर्भनलिकांचा एक्स-रे म्हणजे एचएसजी. एचएसजीच्या दिवशी ती पोर टेबलवर कळवळली होती, हे ताईनेच मला सांगितलं. आणि वर म्हणाली, "आजकालच्या मुलींना सहनच होत नाही." माझी सख्खी बहीण आहे दिल्या, पण त्या दिवशी मला तिचा संताप आला.

सॅम्पल पातळ व्हायला अर्धा तास ठेवलं, चेंबर भरलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. फील्ड रिकामं. मोजणीच्या काचेवरच्या न्यूबॉरच्या रेघा तेवढ्या स्वच्छ दिसत होत्या, मध्ये एखाददुसरी गोल पेशी. दुसरा थेंब घेतला, तेच. मग सेंट्रिफ्यूजला फिरवून खालचा गाळ बघितला, स्लाइडचा कोपरान् कोपरा बघितला. एकही शुक्रजंतू नाही. डब्ल्यूएचओच्या २०२१च्या मॅन्युअलमध्ये मिलीला १६ मिलियन ही खालची मर्यादा धरलीये. असे निरंक रिपोर्ट तू आणि मी कितीतरी टाइप केलेत. पण हा तोच पोरगा, ज्याला तू कृष्णेत पोहायला शिकवलंस आणि मी काठावर टॉवेल घेऊन उभा राहायचो. मी उगीचच स्टेज सरकवत राहिलो.

विचारलं, काही औषध घेतोस का? म्हणाला मल्टिव्हिटॅमिन आणि केसांची गोळी. पण माझं लक्ष त्याच्या मानेवरच्या आणि पाठीवरच्या पुटकुळ्यांकडे गेलं. ह्या वयात? मी रक्त काढलं. सीबीसी इथेच लावला, हिमोग्लोबिन १८च्या पुढे, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ५४च्या वर, दोन्ही जास्त. हार्मोन पुण्याला पाठवले. टेस्टोस्टेरॉन ११००च्या पुढे, म्हणजे खूपच जास्त, आणि वृषणांना कामाला लावणारे एलएच, एफएसएच हे हार्मोन मशीनच्या मोजमापाच्याही खाली.

आता तुझ्या डोक्यात जे आलं तेच माझ्याही आलं होतं. केसांच्या गोळीतलं बायोटिन! १० मिलिग्रॅमची गोळी, तपासणीचं किटच जर बायोटिनच्या जोडणीवर चालणारं, स्ट्रेप्टाव्हिडिनवालं असेल तर टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दाखवणार आणि एलएच खोटा कमी. अगदी हाच नमुना. मला इतकं बरं वाटलं होतं म्हणून सांगू. त्याला गोळी बंद करायला लावली, चांगले काही दिवस जाऊ दिले आणि पुण्यातच दुसरीकडे रक्त द्यायला लावलं. रिपोर्ट जवळजवळ तोच आला. आणि खरं सांगायचं तर हिमॅटोक्रिट बायोटिनने वाढत नाही आणि स्लाइड बायोटिनने रिकामी होत नाही, हे मला आधीपासून कळत होतं.

मग फोनवर सगळं बाहेर आलं. वर्षभर झालं, हा आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतोय. जिममधला पोरगा देतो.

सुरुवात कुठून झाली ते ऐक. रात्री उशिरापर्यंत अमेरिकेशी कॉल, झोप पाच तास, वजन वाढलेलं, चिडचिड, घरात मूल होत नाही म्हणून आधीच एक भुंगा. त्यात फोनवर सारखी जाहिरात: थकवा येतो? उत्साह नाही? घरबसल्या टेस्टोस्टेरॉन तपासा. याने किट मागवलं. डबीत एक कार्ड, त्यावर गोल छापलेले, बोट टोचून ते रक्ताने भरायचे आणि कुरिअरने पाठवायचं. याने ते संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर, भरपेट खाऊन केलं. रक्त येईना म्हणून बोट पिळपिळ पिळलं. तुला सांगायला नको, पिळलं की पेशींच्या भोवतालचं पाणी रक्तात मिसळतं. आकडा आला २४२, लाल रंगात, खाली बाण.

त्या एका आकड्यात किती गोष्टी मिसळल्या होत्या बघ. टेस्टोस्टेरॉन सकाळी चढलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, म्हणून रक्त सकाळी आणि उपाशीपोटी घ्यायचं. पोटात ग्लुकोज गेलं तरी ते खाली येतं. शिकागोत २०११ साली दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. पोट सुटलं की टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रोटीन, एसएचबीजी, कमी होतं, मग टोटलचा आकडा कमी दिसतो, पण फ्री, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन, पुरेसं असू शकतं. म्हणून तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, हार्मोनच्या डॉक्टर लोकांचा नियम आहे की त्रास असला पाहिजे, वेगवेगळ्या दिवशी सकाळी घेतलेले निदान दोन रिपोर्ट कमी आले पाहिजेत, आणि मग एलएच, एफएसएच बघून कारण शोधायचं. यातलं सुमीतला कुणी काही विचारलं नाही. किती वाजता रक्त काढलं, हेसुद्धा नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, "मूल हवंय का?", तोही नाही. रिपोर्ट आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांच्या सल्लागाराचा फोन आला, उपचाराचा प्लॅन घ्या म्हणून. तो महाग वाटला म्हणून हा जिममधल्या स्वस्तातल्या वाटेने गेला.

घरी रक्त घेण्याला माझा विरोध नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांसाठी मी लॅबमधला पोरगा रोज सकाळी पाठवतोच की. पण तो पोरगा परत आला की रिपोर्टखाली एका पॅथॉलॉजिस्टची सही असते, आणि तो रिपोर्ट ज्या डॉक्टरने मागवला त्याच्याच टेबलावर जातो. सुमीतचा आकडा रात्री अकरा वाजता सरळ त्याच्या खिशात आला. वाचायला तो एकटाच.

मिरजेहून पॅसेंजरने येताना तू भिंतींवरच्या जाहिराती मोठ्याने वाचायचास, आठवतं? 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी, निराश होऊ नका, एकदा भेटा', आणि समोरच्या बाकावरचे काका तोंड फिरवायचे. सातारा येईपर्यंत तुझं चालू. मी हसून हसून बेजार. आता तीच भिंत फोनमधून पोरांच्या हातात आलीये, पांढरी-निळी, स्वच्छ, आकडे आणि आलेख घातलेली. तेव्हा त्या भिंतीला कुणी आपल्यातलं भुलत नव्हतं. आता इंजिनिअर झालेली पोरं भुलतायत, कारण खाली एनजी पर डीएल लिहिलेलं असतं.

यावरूनच आपलं ते जुनं भांडण आठवलं. रिपोर्ट देणं आपलं काम, अर्थ सांगणं डॉक्टरचं, असं तू म्हणायचास. त्या कराडच्या बाईंना मी खुर्चीवर बसवून समजावलं म्हणून तू माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हतास. मी तेव्हाही म्हणत होतो, आताही म्हणतो: औषध सांगू नये, पण "हा आकडा एकट्याने वाचू नका, उद्या सकाळी उपाशीपोटी परत या" एवढं सांगणारं माणूस काउंटरला असलंच पाहिजे. सुमीतला तेवढं एक वाक्य मिळालं असतं तर?

त्याची समजूत काय होती ऐक. इंजेक्शन सुरू केल्यावर महिन्याभरात अंगात जोर आला, व्यायाम जमायला लागला, प्राजक्ताशीही सगळं छान. परत किट मागवलं, आकडा चौपट, हिरवा. त्याला वाटलं, आता मूल व्हायला काहीच हरकत नाही. होतं ते उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडायचं थांबवते, आणि वृषणात स्वतःचं जे टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असावं लागतं ते आटतं. तिथलं काम बंद. रात्री बसून वाचत होतो. १९९० साली डब्ल्यूएचओने २७१ पुरुषांवर अभ्यास छापला होता, आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट. कशासाठी, तर पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून! त्यातले १५७ जण सहा महिन्यांत निरंक झाले, आणि निरंक राहिलेल्यांच्या जोडप्यांत वर्षभर जवळपास गर्भधारणाच झाली नाही. म्हणजे हा पोरगा एका हाताने बायकोला डॉक्टरकडे नेत होता आणि दुसऱ्या हाताने गर्भनिरोधक टोचून घेत होता. वर्षभर.

बरं होतं, हेही वाचलं. असे अभ्यास एकत्र करून २००६ साली बघितलं तेव्हा बंद केल्यावर सहा महिन्यांत ६७ टक्के लोकांची संख्या २० मिलियनवर आली होती, वर्षभरात ९० टक्क्यांची, दोन वर्षांत सगळ्यांची. पण ती मुळात धडधाकट माणसं होती. याची मूळ संख्या किती होती ते कुणालाच माहीत नाही, आधी तपासलीच नव्हती. आणि मधले महिने कठीण जातात. बाहेरचं बंद, आतलं अजून सुरू नाही, माणूस पार खचतो. त्याची मला धास्ती आहे, कारण हा एकटा कुढणारा आहे, तुला माहीतच आहे.

पण झोप उडवलीये ती वेगळ्याच गोष्टीने. प्राजक्ताच्या डॉक्टरने पुढच्या महिन्यात लॅप्रोस्कोपी सांगितलीये. भूल, पोटाला छिद्रं, सगळं. डॉक्टरचं काही चुकलं नाही, तिच्यापुढे नवऱ्याचा रिपोर्टच नाही. सुमीत म्हणतो, सांगतो, फक्त दिवाळी होऊ दे. ताईने जेजुरीला नवस बोललाय आणि फोनवर सुनेला ऐकवते, शेजारच्या अमक्याच्या सुनेला कसं लगेच दिवस गेले. ती ऐकून घेते. परवा मला म्हणाली, "मामा, माझ्यातच काहीतरी असेल ना?" रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होता दिल्या. मी चहाचा कप घेऊन बसून राहिलो.

तो रिपोर्ट सुमीतचा आहे. मी परस्पर तिला सांगू शकत नाही, नात्याने आणि धंद्यानेही. पण तिला टेबलवर जाऊ देणार नाही, हे माझं ठरलंय. सुमीतला म्हणालो, ऑपरेशनच्या आधी तू सांग, नाहीतर मी पुण्याला येऊन तुम्हा दोघांना समोर बसवेन आणि तुझ्याच तोंडून वदवून घेईन. तो रडला, "मामा, ती सोडून जाईल." तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

तुझा उचलेल. शुक्रवारी तुला सुट्टी असते, इथल्या साडेनऊला म्हणजे तुझ्या आठला फोन कर, तेव्हा तो टेरेसवर असतो. रागावू नकोस. तू आणि अनुवहिनींनी ती सगळी वर्षं कशी काढली ते त्याला सांग. तुझी स्वतःची तपासणी पहिल्यांदा तूच केलीस, वहिनींच्या आधी, हे त्याला माहीत नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं तसं काही नाही, आम्हाला मुलं झाली ती न मागता. म्हणून तुला गळ घालतोय.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ओंकारला बारावीसाठी आशीर्वाद सांग, फिजिक्सला घाबरू नको म्हणावं. मार्चमध्ये येणार असलास तर तारखा कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या

ता. क. – इंजेक्शन बंद करणं, त्यावर उतारा म्हणून एचसीजीची इंजेक्शनं वगैरे यातलं तू त्याला काही सांगू नकोस. त्या जिमवाल्याने आता तेही आणून देतो म्हणून सांगितलंय! पुण्यात अँड्रॉलॉजिस्टची, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरची वेळ मी घेऊन ठेवलीये, त्या शुक्रवारनंतरच्या गुरुवारी सकाळची, दोघांच्या नावाने. त्याने प्राजक्ताला घेऊन जावं एवढंच त्याच्याकडून कबूल करून घे.