सूज थांबते कशी?

पुणे,
रविवार

प्रिय सुध्या,

काकूंच्या संधिवातावर ॲडालिमुमॅबचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं, बरं झालं. मुळात ही सूज थांबतच का नाही, असं तू विचारलंस. फोनवर सांगायला गेलो की तू मध्येच फाटे फोडतोस, म्हणून लिहूनच टाकतो.

ते इंजेक्शन सूज पेटवणाऱ्या टीएनएफ नावाच्या प्रथिनाला धरून निकामी करतं. टीएनएफ बनवतात मुख्यतः मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. जंतूचा सुगावा लागला की पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन केंद्रकात शिरतं, टीएनएफच्या जनुकावरून आरएनए निघतो, त्यावरून प्रथिन. जनुक, आरएनए, प्रथिन एवढं आपण बारावीलाच घोकलं होतं. तो आरएनए टिकतो किती वेळ, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

लॅबमध्ये आम्ही हे मोजतो. मॅक्रोफेजवर जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस टाकायचं. टीएनएफचा आरएनए तासाभरात उसळतो. मग ॲक्टिनोमायसिन डी घालायचं, म्हणजे नवा आरएनए निघणं बंद. त्यानंतर ठरावीक मिनिटांनी एकेक डिश उचलायची, पेशी फोडायच्या आणि किती आरएनए उरलाय ते पीसीआरवर बघायचं. (हातमोजे सारखे बदलावे लागतात. आरएनए खाणारी एन्झाइम्स आपल्या बोटांवरच बसलेली असतात.) ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचा आरएनए जवळजवळ होता तेवढाच राहतो, टीएनएफचा बघता बघता संपतो.

कारण त्याच्या शेपटीत, प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतर, ए-यू-यू-यू-ए ही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. १९८६ मध्ये शॉ आणि कामेन यांनी जीएम-सीएसएफ या दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकातला असाच तुकडा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या जनुकाला जोडला. ग्लोबिनचा आरएनए एरवी भलता चिवट, पण तोही झटपट नष्ट व्हायला लागला. इतका साधा आणि इतका बिनतोड प्रयोग मला तरी पटकन दुसरा आठवत नाही.

ही अक्षरं ओळखणारं प्रथिन म्हणजे ट्रिस्टेट्राप्रोलिन, आमच्या भाषेत टीटीपी. ते शेपटीला चिकटतं आणि आरएनए तोडणाऱ्या यंत्रणेला बोलावून आणतं. अमेरिकेत पेरी ब्लॅकशिअर यांच्या गटाने टीटीपी नसलेले उंदीर तयार केले. जन्मतः ठणठणीत. पुढे मात्र वजन घटलं, कातडी बिघडली आणि सांधे सुजले. टीएनएफविरुद्धची अँटिबॉडी दिल्यावर यातलं बरंचसं टळलं. १९९६ ची गोष्ट. काकूंच्या इंजेक्शनची जातकुळी तीच.

पण मग टीटीपी पहिल्यापासूनच आडवं का येत नाही? तर जंतूची खबर देणारा पी३८ हा संदेशमार्गच टीटीपीवर फॉस्फेट चढवून त्याला तात्पुरतं थोपवून धरतो. तोवर टीएनएफ हवं तेवढं तयार होतं. खबर थंडावली की फॉस्फेट उतरतं आणि टीटीपी कामाला लागतं. दाह पेटवणाऱ्यानेच विझवणाऱ्याला वेळ बांधून द्यावी, यापेक्षा चोख कारभार कुठला?

शिवाय हा एकच ब्रेक नाही. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या कॅलटेकमधल्या लॅबने २००६ मध्ये दाखवलं की एनएफ-कप्पा-बी स्वतःच मिर-१४६ए नावाचा चिमुकला आरएनए तयार करवतं. त्यावरून प्रथिन बनत नाही. तो आयरॅक१ आणि ट्राफ६ यांच्या आरएनएला जाऊन भिडतो आणि ही दोन्ही प्रथिनं कमी करतो. एनएफ-कप्पा-बीला जागं करणारी साखळी यांच्याच जोरावर चालते.

आता लगेच 'आईचं टीटीपी बिघडलंय' असं घरी जाहीर करू नकोस! माणसाच्या संधिवाताला एकच कारण नसतं. उंदरांनी फक्त हा ब्रेक किती मोलाचा आहे ते दाखवलं. आणि टीएनएफला खलनायकही ठरवू नकोस. क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात डांबून ठेवायला तेच लागतं. इंजेक्शनआधी डॉक्टरांनी टीबीची तपासणी सांगितली ती त्यासाठीच. 'मला कुठे खोकला आहे' म्हणून काकू ती टाळतील, तर ऐकू नकोस. दबून बसलेल्या टीबीला खोकला नसतोच.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या