दोरी नको, टेम्पो कर

उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार

चि. अश्विनी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोन तूच ठेवलास ते बरं केलंस. माझा आवाज चढला की पुढचं बोलणं बोलणं राहत नाही, म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तू बेळगावात घेतलेल्या त्या जुन्या विलायती एमजी टीसी गाडीविरुद्ध नाही. घेतलीस ती घेतलीस, पैसे तुझे, घाम तुझा. आईचा राग गाडीवर नाही. तो कशावर आहे ते तुला माहीत आहे आणि त्यात मी पडत नाही.

माझं एवढंच म्हणणं आहे, बेळगावहून ती दोरी बांधून आणायची नाही.

तू म्हणालीस, रोहितची बोलेरो पुढं, मी एमजीत स्टिअरिंगला, शंभरएक किलोमीटर तर जायचंय. अगं, ओढून न्यायच्या गाडीला कायद्यानं ताशी पंचविसाच्या आतच राहावं लागतं आणि दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. म्हणजे चार-पाच तास हायवेवर, मागं उसाचे ट्रक, आणि मध्ये तवंदीचा घाट. त्या गाडीचे ब्रेक ऑइलवर चालतात. इतकी वर्षं शेडमध्ये उभी होती, सिलिंडरमधली रबरं आतापर्यंत पापडागत झाली असतील. पेडल थेट तळाला जाईल. उतारावर रोहितनं ब्रेक मारला की तू त्याच्या मागच्या दारात. दोरी गाडीला ओढते, थांबवत नाही. बापूच्या पायाचं आपण घरात कुणी काढत नाही, इथंही काढत नाही.

बघ, लेक्चर सुरू झालं. राग मानू नकोस. तू आता माझ्याहून जास्त शिकलेली आहेस, हे मी विसरतो असं नाही. उलट गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय. परवा तू म्हणालीस ना, त्या इंजिनाला आटे मेट्रिक पण बोल्टाची डोकी व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाची, कारण ज्या कारखान्यात ते बनलं तिथली जुनी मशिनं फ्रेंच कंपनीची होती? मी ते समोरच्या लेथवाल्याला सांगितलं. पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, आठ एमएमला एकचा पिच (दोन आट्यांतलं अंतर) असेल तर आटे पाडायचा टॅप आहे माझ्याकडं, आणा पोरीला. तेव्हा बाजारातला सव्वाच्या पिचचा बोल्ट घेऊन जबरदस्ती करू नकोस, ब्लॉकचा आटा गेला तर रडशील.

आणि एक सांगतो, जे तुला कुठल्याही गॅरेजवाल्यानं सांगितलं नसेल. टीसीचा पत्रा नुसता अंगरखा आहे, आत सांगाडा लाकडाचा. ॲशचं लाकूड, स्क्रूनं सांधलेलं. तू पाठवलेल्या फोटोत डाव्या दाराची फट वर बोटभर आणि खाली काहीच नाही. म्हणजे दाराखालचं लाकूड गेलंय. अशा गाडीचं अंग धरून कुणी उचललं, किंवा बॉडीला पट्टा आवळला, तर सगळा सांगाडा पिळून निघेल. पट्टे फक्त ॲक्सलला, चारी कोपऱ्यांतून. तारांच्या चाकांतूनही पट्टा ओवू द्यायचा नाही, एकोणीस इंची चाकं आहेत, त्या तारा आता मिळवायच्या कुठून?

लाकडाचं मात्र तू माझ्यावर सोड. जन्म फौंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, करण्यात गेला. बीड थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून आम्ही लाकूड तेवढं मोठं कापतो. इथं तर आकसायचं काही नाही, जसंच्या तसं. ॲश मिळालं नाही तर जुनं वाळलेलं सागवान लावू. प्रत्येक तुकडा काढायच्या आधी मात्र त्यावर नंबर घालायचा आणि कुजलेला तुकडासुद्धा फेकायचा नाही. त्यावरूनच नवा निघतो.

तुला आठवतं का माहीत नाही, दसऱ्याला चौकात महाराजांची मेबॅक यायची, तू माझ्या खांद्यावर. सगळं पब्लिक महाराजांकडं बघतंय, सोन्यासाठी रेटारेटी, आणि तू माझे केस ओढून विचारतेस, अण्णा, खाली तेल कुठनं गळतंय? गळत नव्हतं काही. पण घरी आल्यावर चहाच्या बशीत रॉकेल ओतून तू सायकलची चेन बुडवून ठेवलीस. आईनं ती बशी फेकून दिली, तिच्या माहेरची होती. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

असो. विषय दोरीचा होता.

गाडी साडेअकरा फुटांच्या आसपास आणि आठशे किलोच्या आत. चौदा फुटी आयशरमध्ये आरामात बसते. माल चढवायच्या धक्क्यावरून चढव, सहाजण ढकलतील. तोंड केबिनकडं, गिअरमध्ये टाकून चाकांना पुढं-मागं उटी, म्हणजे लाकडी पाचर. समोरची काच पुढं पाडून ठेव. आणि दारं बांधायला विसरू नकोस. या गाडीच्या दारांना बिजागऱ्या मागच्या अंगाला आहेत, कुलपं झिजलेली असणार, वारं भरलं तर दार सताड उघडून निखळून जाईल. कागद बघून घे. कर्नाटकचं मूळ आरसी आणि एनओसी हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नकोस. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवता येते, आधी नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबरच राहतो. ते नंतर बघू.

रात्री निघायचं नाही. आणि टेम्पो नाही मिळाला म्हणून शेवटी दोरीनंच आणलं, असं मला ऐकवायचं नाही.

तुझे,
अण्णा

ता. क. टेम्पो मी ठरवलाय. शुक्रवारी पहाटे निघतोय, पैसे दिलेत, त्यावरून वाद घालू नकोस. फळ्या आणि उट्या कारखान्यातल्याच घेतल्यात. केबिनमध्ये तिघं बसतात, मी येतोय. आईला शिरोलीला कामाला जातो म्हणून सांगितलंय, तिचा फोन आला तर तसंच सांग.