त्रेक्लियानोची माणसं मोजलीत, आता अंतरही मोजा

प्रति,
माननीय प्रादेशिक विकास व सार्वजनिक बांधकाम मंत्री,
बल्गेरिया प्रजासत्ताक, सोफिया

मंत्रिमहोदय,

मी मूळची राजापूर तालुक्यातली, गेली काही वर्षं सोफियात राहते. हेच पत्र बल्गेरियन भाषेतही आपल्या कार्यालयाकडे धाडते आहे. मराठीत लिहिलं ते माझ्या माणसांनाही कळावं म्हणून. गणपती-शिमग्यापुरती कुलपं उघडणारी घरं त्यांनी पाहिलेली आहेत.

विषय त्रेक्लियानोचा. क्युस्तेन्दिल प्रांतातली, सर्बियाच्या सीमेला टेकलेली ही ओब्श्टिना, म्हणजे स्थानिक कारभाराचं एकक. एकवीस गावं, शहर एकही नाही. क्षेत्रफळ सुमारे 258 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या हजारही नाही. देशातल्या 265 ओब्श्टिनांत सगळ्यात कमी माणसं इथे.

पश्चिमेला मिलेव्स्का डोंगररांग, सीमेवर 1733 मीटरचं मिलेवेत्स शिखर. त्रेक्लियान्स्का नदी या डोंगरांतून वाट काढत पुढे स्त्रुमाला मिळते. गावंही एका जागी गोळा झालेली नाहीत, कोकणातल्या वाड्यांसारखी उतारांवर विखुरलेली आहेत. या वाडीला इथे ‘महाला’ म्हणतात. आपल्या मोहल्ल्याचाच शब्द, पण दोन महालांच्या मध्ये अख्खी दरी. चार घरं असोत की चाळीस, बर्फ पडला की रस्ता तेवढाच उपसावा लागतो.

गेल्या नोव्हेंबरात अशा एका गावी गेले होते. एका फाटकावर काळ्या चौकटीतले, फोटो छापलेले तीन कागद होते. माणूस गेलं की असा कागद दारावर लावतात. चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा नवा. त्यातल्या सगळ्यात जुन्या कागदावरचा चेहरा उन्हापावसानं पुसून गेला होता, नाव तेवढं वाचता येत होतं. शेजारची आजी (इथे आजीला ‘बाबा’ म्हणतात) बाकावर बसून पावाच्या गाडीची वाट बघत होती. तिनं ओटी भरावी तसे माझ्या ओंजळीत अक्रोड घातले. डॉक्टर कधी येतात, असं विचारलं तर म्हणाली, “मीच जाते. मुलगा पेर्निकहून आला, की त्याच्या गाडीतून.”

माणसं कुठे गेली हे आपण जाणताच. जमिनी सामुदायिक शेतीत गेल्या, पेर्निकच्या खाणींनी आणि पोलाद कारखान्यानं तरुण ओढून नेले, मग सोफियानं, आणि 2007 मध्ये देश युरोपीय संघात गेल्यावर पश्चिम युरोपानं. 1985 च्या जनगणनेत देशात 89 लाखांवर लोक होते; 2021 मध्ये 65 लाख उरले. आज दीडशेहून अधिक गावांत एकही रहिवासी नाही.

नवी ओब्श्टिना स्थापन करायची तर किमान 6000 लोकसंख्या हवी, असं आपला कायदा सांगतो. त्या हिशेबानं त्रेक्लियानो आज जन्मालाच आलं नसतं, आणि म्हणून अशा छोट्या ओब्श्टिना शेजारच्या मोठीत मिसळून टाकाव्यात, असा सूर अधूनमधून निघतो. मला तो मान्य नाही. कार्यालय क्युस्तेन्दिलला गेलं की एका दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जाईल, आणि पुलाचा कठडा तुटल्याचं सांगायला जवळ कुणी उरणार नाही. शाळांच्या बाबतीत हे एकदा घडलेलं आहे. 2008 च्या सुमारास विद्यार्थ्यामागे पैसा हे धोरण आलं आणि खेड्यापाड्यांतल्या शेकडो शाळा बंद झाल्या. शाळा गेली तसं तरुण कुटुंबांना गावात राहायला कारणच उरलं नाही.

म्हणून विनंती अशी, की निधी ठरवताना डोकी मोजाच, पण रस्त्याचे किलोमीटर, वस्त्यांची संख्या आणि चढ-उतारही त्यात धरा. त्रेक्लियानोचं कार्यालय त्रेक्लियानोतच राहू द्या. आणि आरोग्यमंत्र्यांशी बोलून या एकवीस गावांसाठी एक फिरता दवाखाना सुरू करा, पण वार ठरवून. पावाची गाडी कुठल्या वारी येते हे त्या आजीला पाठ आहे. डॉक्टरचा वारही तिला तसाच पाठ व्हावा.

कळावे,
सोफियातली एक रहिवासी