साडेपाचला उजाडणारं बेट

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार. (बाबा, मायना तुम्हीच शिकवला होता, खरोखरच्या पत्रात आज पहिल्यांदा वापरतेय.)

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर काय होतं तुम्हाला माहितीये. मी अंदमान म्हणाले की आई म्हणते अगं एवढं लांब, मागून बाबांचा आवाज येतो तिकीट कितीला ते विचार आधी, मग दादा कॉन्फरन्समध्ये घुसतो आणि गोवा गोवा सुरू करतो, आणि शेवटी विषय भडंगाचा डबा चेन्नईला पोचला का यावर संपतो. म्हणून लिहूनच काढलं. दोघांनी एकदम वाचा, चष्म्यावरून भांडण नको, बाबांनी मोठ्यानं वाचा आणि आईने ऐक.

तर फेब्रुवारीत तुमच्या लग्नाला 45 वर्षं होतायत आणि तुम्हाला समुद्रावर न्यायचं हे पक्कं, त्यावर मी आणि दादा दोघं एक आहोत. भांडण कुठल्या समुद्रावर एवढंच आहे. त्याने कळंगुटला बीचपासून चालत पाच मिनिटांवरचं हॉटेल बघून ठेवलंय, आणि मी नील बेटाच्या मागे लागलेय. नील म्हणजे अंदमानातलं, 2018 पासून त्याचं सरकारी नाव शहीद द्वीप आहे, पण बोटीवाले-रिक्षावाले सगळे अजून नीलच म्हणतात.

दादाची बाजू आधी सांगते, नाहीतर म्हणेल हिने माझं सांगितलंच नाही. गोवा जवळ आहे, मिरजेहून गोवा एक्सप्रेस आहे, मडगावला उतरलं की गाडी. मराठी चालते. मंगेशीला जाऊन अभिषेक करता येतो, येताना शांतादुर्गा. काही दुखलं-खुपलं तर बांबोळीला मोठं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. मुलांना पॅरासेलिंग, जेटस्की, वहिनीला शुक्रवारचा म्हापशाचा बाजार. यातलं एकही खोटं नाही. आणि बाबा, तुम्हाला तिथं मजा आली होती हेही मी विसरले नाहीये, 2018 च्या डिसेंबरात तुम्ही शॅकच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तास दीड तास लोकांना हवेत उडताना बघत होतात आणि बेळगावच्या त्या ग्रुपशी उसाच्या दरावर गप्पा मारत होतात. लिंबूसरबत एकच, गप्पा दीड तास.

पण त्याच ट्रिपची दुसरी गोष्ट. तुम्ही दोघं पहाटे साडेचारला उठता, सांगलीत असा नाहीतर चंद्रावर. तिथं हॉटेलच्या मागे रात्री दीड-दोनपर्यंत धाड धाड गाणी, आई कानात कापूस घालून झोपलेली, आणि पहाटे साडेचारला तुम्ही दोघं उठून कपडे घालून लॉबीत बसलेले, रिसेप्शनवरचा मुलगा झोपलेला, चहा आठशिवाय नाही. डिसेंबरात गोव्यात सूर्य सातला उगवतो की नाही, तर तोवर अंधार. मग तुम्ही बीचवर गेलात आणि तिथं काय तर रिकाम्या बाटल्या, कुत्री, आणि अजून घरी न गेलेली पोरं. आई तेव्हा काही बोलली नाही. सांगलीला आल्यावर तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, समुद्र छान होता गं पण आपल्या वेळेला तो बंदच असतो.

आई, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही.

मागच्या वर्षी आम्ही दोघं नीलला गेलो ना, तिथं पहिल्याच दिवशी मला काय जाणवलं तर ह्या बेटाचं घड्याळ तुमचं आहे. अंदमान पार पूर्वेला, पण घड्याळ आपलंच, भारताची वेळ एकच ना, त्यामुळे तिथं फेब्रुवारीत सूर्य पावणेसहाच्या आत वर येतो, साडेपाचला बऱ्यापैकी उजेड असतो, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळतो. गोव्यात त्याच दिवसांत सातला उगवणार आणि साडेसहा वाजून गेल्यावर मावळणार. म्हणजे एकाच देशात सव्वा तासाचा फरक. नीलच्या बाजारात आम्ही पाच-सव्वापाचला गेलो तर चहा उकळत होता, भाजीवाले टोपल्या लावत होते, म्हातारी माणसं बाकड्यावर बसून बोलत होती. आणि रात्री साडेआठला सगळं सामसूम, जेवणाची हॉटेलं आवरायला घेतात. आम्हीच वेड्यासारखे दहाला काहीतरी खायला मिळेल म्हणून फिरत होतो. तेव्हा नवरा म्हणाला, हे गाव तुझ्या आईने चालवायला घेतलंय का?

आता आईचा प्रश्न: बेटावर करायचं काय? खरं सांगू का, फार काही नाही. तीनेक हजार वस्ती, रिक्षाने या टोकाहून त्या टोकाला अर्ध्या तासात. गावांची नावं ऐक, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, तुझं अर्धं रामायण तिथंच झालं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, आणि मधे भरतपूरचा किनारा, तिथं पाणी लांबपर्यंत उथळ आहे, आई तुला साडी सांभाळत गुडघाभर पाण्यात उभं राहता येईल, गोव्यासारखी लाट येऊन ढकलणार नाही. काचेच्या तळाच्या बोटी आहेत, बसल्या जागी खालचे मासे आणि पोवळं दिसतं. दगडाचा एक नैसर्गिक पूल आहे पण तो ओहोटीलाच नीट बघता येतो आणि वाट सगळी खडबडीत, शेवाळलेली. बाबा, तुमचा गुडघा बघता तिथं तुम्ही जायचं नाहीये, फोटो मी दाखवेन. हट्ट नको.

आणि बाबा, तुम्हाला माणसं लागतात ते मला कळतं, त्याचीच मला काळजी होती. तिथली बरीच कुटुंबं फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेली, जंगल साफ करून शेती केली त्यांनी, आज आसपासच्या बेटांना भाजी इथून जाते. आमच्या शेजारच्या शेतातल्या आजोबांनी मला वांग्याच्या रोपांवर वीस मिनिटं लेक्चर दिलं, बंगाली वळणाच्या हिंदीत. मला वांग्यातलं काही कळत नाही. तुम्ही असता तर हळदीवर येऊन दुपार झाली असती. आई, जेवण मात्र मोहरीच्या तेलातलं असतं, वास तुला पहिल्या दिवशी आवडणार नाही, पण मासे ताजे, आणि सोमवारी डाळ-भात-भाजी सगळीकडे मिळते, ते मी विचारून घेतलंय.

आता जे मला आवडत नाही पण सांगायलाच पाहिजे ते. बाबांच्या स्टेंटला दोन वर्षं झाली. नीलवर सरकारी आरोग्य केंद्र आहे, छोटं. मोठं हॉस्पिटल पोर्ट ब्लेअरला, आणि मधे समुद्र, बोटीने दीड-दोन तास, आणि रात्री बोट नाही. अगदीच इमर्जन्सी असेल तर हेलिकॉप्टरने हलवतात, पण त्याच्या भरवशावर कोणी घरातून निघत नाही. दादा ह्याच मुद्द्यावर अडून बसलाय आणि खरं सांगायचं तर तो बरोबर आहे, मी आधी चिडले त्याच्यावर पण रात्री विचार केला तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं, आधी डॉक्टरांना विचारायचं, स्ट्रेस टेस्ट नव्याने करायची म्हणाले तर करायची, आणि ते नको म्हणाले तर नील कॅन्सल, तोंड न वाकडं करता. मग गोवाच, पण कळंगुट-बागा नाही, दक्षिणेला कुठेतरी शांत. दादाशी एवढं बोलणं झालंय.

डॉक्टर हो म्हणाले तर प्लॅन असा. तुम्ही सांगलीहून माझ्याकडे चेन्नईला या, दोन दिवस आराम, मग इथून विमानाने दोन-सव्वादोन तासात पोर्ट ब्लेअर (त्याचंही नाव 2024 मध्ये बदललं, श्री विजयपुरम). विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे हे बाबांना सांगायला नको. तिथं दोन रात्री, सेल्युलर जेलसाठी. बाबा, लहानपणी तुम्ही मला आयर्विन पुलावर फिरवत सावरकरांच्या त्या कोलूच्या, म्हणजे तेलाच्या घाण्याच्या, गोष्टी सांगायचात, 1911 ते 1921 दहा वर्षं, आणि थोरले भाऊ बाबारावही तिथंच. मी त्या जेलमध्ये उभी होते तेव्हा तुमचाच आवाज ऐकू येत होता, आणि तुम्ही स्वतः मात्र अजून गेला नाहीत ह्याची लाज वाटली. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे, जिने आहेत, थांबत थांबत चढायचं. सात इमारती होत्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, आता तीनच उरल्यात, आणि मजा बघा, ज्या पाडल्या त्यांच्या जागेवर जे उभं आहे तेच पोर्ट ब्लेअरचं मोठं सरकारी हॉस्पिटल. दादाला हे सांगितलं तर हसायलाच लागला, म्हणाला बाबा तपासणीच्या निमित्तानेही तिथंच जाऊन बसतील.

मग बोटीने नील, तीन रात्री. बोटीत आईने पुढच्या बाजूला बसायचं नाही, मधे बसायचं, आणि निघायच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी, आल्याची वडी पुरणार नाही. मग परत पोर्ट ब्लेअर एक रात्र, आणि ती रात्र मुद्दाम ठेवलीये कारण हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि त्याच दिवशीचं विमान असेल तर पंचाईत. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो तरी. पैसे रोख जास्त घ्यायचे, तिथल्या एटीएमवर विसंबायचं नाही. आणि आई, शंख-शिंपले-पोवळं काही म्हणजे काही पिशवीत टाकायचं नाही, तिथं कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडतात. देव्हाऱ्यासाठी म्हणून पण नाही.

मंगेशीचा अभिषेक राहतो, ते माझ्या लक्षात आहे. तो पावसाळा संपल्यावर करू, दादा-वहिनी-मुलं सगळे मिळून, मुलांना दिवाळीची सुट्टी असेल. त्या ट्रिपचं हॉटेल दादाने ठरवायचं आणि मी तोंड उघडणार नाही असं मी त्याला लिहून दिलंय (खरंच, व्हॉट्सअॅपवर).

खर्चाचं बाबा, तुम्ही विचारणार म्हणून, मी आणि दादा अर्धा अर्धा करतोय, आकडा सांगणार नाही, तुम्ही लगेच एफडी मोडायचं काढता. तुम्ही फक्त डॉक्टरांची अपॉइंटमेंट ह्या आठवड्यात घ्या. आणि ती तुम्ही "बघू" म्हणून पुढे ढकलणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आई, फोन तू कर.

अजून एक, विमानाला आणि बोटीला दोन्हीकडे ओळखपत्र लागतं, आणि बाबांचं आडनाव मागच्या वेळी तिकिटावर एक आणि आधारवर एक असं झालं होतं, एअरपोर्टवर किती घाम फुटला आठवतंय ना. तर दोघांच्या आधारकार्डाचे फोटो पाठवा, दोन्ही बाजू, उजेडात धरून, सरळ, चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि बाबांचा अंगठा त्यात यायला नको.

तुमची,
धाकटी