लातूरहून मुंबई किती लांब? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

लातूर ते मुंबई सरळ रेषेत सुमारे 390 किलोमीटर. लहान प्रवासी विमानाला तासाभराचं काम. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "येवढी जवळ हाय का मुंबई?"

तिला मुंबई लांबच माहीत आहे. केमोसाठी परळला नेताना आम्ही रात्रीची बस धरायचो. बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर, पुणे असे सुमारे 500 किलोमीटर. जाताना ती कशीबशी झोपायची. येताना मात्र औषध अंगात भिनलेलं असायचं. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात कॅरीबॅग धरून ती खिडकीशी बसायची. रात्री दोनला बस ढाब्यावर थांबली की मसाल्याच्या वासानेच तिला मळमळून यायचं. मी ड्रायव्हरला म्हणायचो, दादा, गाडी जरा पुढे घेता का? घ्यायचा बिचारा. पण घरी पोचायला सकाळ व्हायचीच.

रेल्वे आहे, नाही असं नाही. कुर्डुवाडी, दौंड, पुणे असा वळसा घेत तीही रात्रभर चालते. हीच गाडी 2017 मध्ये बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. आरक्षणाची एकेक जागा इथे किती मोलाची आहे, ते त्यावरून समजावं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा पूर्ण झाला, पण तो जालना, संभाजीनगरकडून जातो. आमच्या वाटेत येत नाही.

विमानतळ मात्र आमच्याकडे आहे. शहराजवळ, चिंचोलीराव वाडीला. तिथून रोजचं प्रवासी विमान तेवढं उडत नाही. विमान हवं तर आधी दुसऱ्या जिल्ह्यात जा. नांदेडचा विमानतळ जवळपास 140 किलोमीटर, संभाजीनगरचा अडीचशेच्या पुढे. तासाभराच्या उड्डाणासाठी तीन ते पाच तास गाडीत काढायचे आणि वर विमानतळावर आधी पोचायचं, म्हणजे वाचलं काय? आजारी माणसाला दोनदा चढवा-उतरवायचं, ते वेगळंच.

लहान शहरांना स्वस्तात विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेची पहिली विमानं 27 एप्रिल 2017 रोजी सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. मराठवाड्याला त्याचा केवढा आनंद झाला होता! काही वर्षांत ती सेवा खंडित झाली. सुमारे 500 किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांवर 2,500 रुपयांची मर्यादा, हा त्या योजनेचा सुरुवातीचा हिशेब होता. लातूर-मुंबई त्यात नेमकं बसतं.

म्हणून विनंती करतो. एकट्या लातूरहून रोज विमान भरेल का, ही शंका कंपन्यांना येणार, आणि ती रास्त आहे. मग नांदेड-लातूर-मुंबई असं एकच विमान सुरू करा. नांदेड-लातूर हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. फक्त वेळ आमच्या सोयीची ठेवा: सकाळी मुंबईला, संध्याकाळी परत. भर दुपारी सुटणारं विमान पेशंटच्याही कामाचं नाही आणि मंत्रालयात फाईल घेऊन जाणाऱ्याच्याही. आणि एकदा सुरू केलं की निदान तीन वर्षं बंद पडू देऊ नका. आठवड्याला वेळापत्रक बदललं तर लोक पुन्हा बसकडेच वळतात.

आईची पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. बसची तिकिटं काढून ठेवली आहेत. खालची सीट मिळाली आहे.

आपला विश्वासू,
लातूरचा एक रहिवासी