अंड्यांवरची शेवंड

महोदय,

रविवारी इथल्या मासळीबाजारात बर्फावर वेरावळची शेवंड (लॉबस्टर) दिसली. उलटी केली तर शेपटीखाली नारिंगी अंड्यांचा गच्च घोस! माझं माहेर रत्नागिरीकडचं. अशी मादी जाळ्यात आली की आजोबा तिला अलगद सोडवून पाण्यात सोडत. अंडी लाखाच्या घरात, पण काचेसारखी पारदर्शक, पानासारखी चपटी पिल्लं कित्येक महिने समुद्रात वाहत राहतात, जगतात मोजकीच. ठरावीक वजनाखालच्या लहान शेवंडीच्या निर्यातीला २००३ पासून बंदी आहे. मग अंड्यांवरची मादी तरी आपल्या बाजारात का यावी? विक्रेता वर पन्नास रुपये जास्त मागत होता. मी घेतली नाही. वडोदऱ्याच्या मराठी गिऱ्हाइकांनो, तुम्हीही घेऊ नका.

— एक गृहिणी, दांडिया बाजार, वडोदरा